प्रॅमिपेक्सोल वाढवलं तर वडिलांच्या मेंदूत नवे न्यूरॉन येतील का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. वडील ६४ वर्षांचे, चार वर्षांपासून कंपवात, म्हणजे पार्किन्सन. लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी दिवसातून तीनदा आणि जोडीला थोडं प्रॅमिपेक्सोल चालू आहे. 'डी२ आणि डी३ रिसेप्टरना चालना दिली की मेंदूत नवे न्यूरॉन (चेतापेशी) तयार होतात' असं तुमच्या वाचनात आलं. म्हणून प्रॅमिपेक्सोल वाढवून घ्यावं आणि लेव्होडोपा जमेल तेवढी कमी ठेवावी, असं घरात चाललंय. शिवाय एका नातेवाइकांनी कवचबीजाचं चूर्ण सुचवलंय आणि एका दवाखान्याने स्टेम सेलचं पॅकेज.

मी न्यूरॉलॉजिस्ट आहे आणि माझ्या ओपीडीत कंपवाताचे रुग्ण पुष्कळ असतात. हाच प्रश्न घेऊन येणारी मुलं-मुली नेहमी भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. डोस मात्र इथून सांगणार नाही. वय, स्मरणशक्ती, भास होतात का, उभं राहिल्यावर रक्तदाब किती उतरतो, किडनी कशी चालते (प्रॅमिपेक्सोल मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतं), या सगळ्यावर तो ठरतो आणि तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही.

घोळ कुठे होतोय ते आधी सांगतो. डोपामाइन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाचा संदेश नीट पोचणं ही एक गोष्ट, नवी पेशी जन्माला येणं ही दुसरी. दोन्हींत रिसेप्टरचा, म्हणजे पेशीवरच्या ज्या जागी असं रसायन बसून संदेश देतं तिचा, हात आहे, म्हणून लोकप्रिय लेखांत त्यांची सरमिसळ होते. पण कंपवातात ज्या पेशी जातात त्या वेगळ्या, आणि प्रयोगांत ज्या नव्या जन्मताना दिसतात त्या वेगळ्या. त्यांच्या जागाही वेगळ्या.

डोपामाइन स्वतः चांगलंही नाही, वाईटही नाही. त्याने काय घडणार हे ते ज्या पेशीवर पोचतं तिच्या रिसेप्टरवर अवलंबून असतं. माणसात असे पाच रिसेप्टर आहेत. डी१ आणि डी५ हा एक गट. यांच्यावर डोपामाइन बसलं की पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाचा रेणू वाढतो. डी२, डी३, डी४ हा दुसरा गट. यांच्यामुळे तोच रेणू कमी होतो. एकच रसायन, आणि शेजारच्या दोन पेशींत उलट परिणाम. हालचालीचं नियमन करणाऱ्या स्ट्रायटम या भागात हे फार सुंदर दिसतं. तिथल्या डी१ असलेल्या पेशी हालचाल सुरू करायला मदत करतात, त्यांना डोपामाइन चेतवतं. डी२ असलेल्या पेशी हालचाल रोखून धरतात, त्यांना डोपामाइन शांत करतं. शेवटी दोन्ही वाटांनी हालचाल सोपी होते. डोपामाइन कमी पडलं की पहिल्या मंदावतात आणि दुसऱ्या मोकाट सुटतात. वडिलांचं शर्टाचं बटण लावताना अडणं, दारात पाय जमिनीला चिकटल्यासारखे होणं हे यातूनच येतं.

आणखी एक डी२ आहे, तो खुद्द डोपामाइन बनवणाऱ्या पेशीवरच बसलेला असतो. बाहेर डोपामाइन जास्त झालं की तो पेशीला आवरतं घ्यायला लावतो: पेशीचे स्पंद कमी होतात, डोपामाइन बनणं आणि सुटणं दोन्ही उतरतं. त्यामुळे 'डी२ला चालना दिली' एवढ्या वाक्याला काही अर्थच उरत नाही. कुठल्या पेशीवरचा डी२, किती वेळ, किती प्रमाणात, हे सांगितल्याशिवाय ते अर्धवट आहे. निरोगी मेंदूत या पेशी संथ लयीत थोडं डोपामाइन सतत सोडतात आणि काही अनपेक्षित चांगलं घडलं की क्षणभर जोरात स्फुरतात. अपेक्षित बक्षीस आलं नाही तर क्षणभर गप्प होतात. माकडांवरच्या प्रयोगांतून वुल्फ्राम शुल्त्झ यांनी १९९० च्या दशकात हे दाखवलं. कुठलीही गोळी हा चढउतार हुबेहूब आणू शकत नाही.

आता लेव्होडोपाकडे, म्हणजे मेंदूत जाऊन जिचं डोपामाइन होतं त्या औषधाकडे येऊ, कारण तिच्याबद्दलची भीतीच मला जास्त काळजीची वाटते.

तिची कथा आपल्या सर्पगंधेपाशी सुरू होते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं आणि या वनस्पतीकडे जगाचं लक्ष गेलं. तिच्यातलं रेसर्पिन वेगळं काढल्यावर लक्षात आलं की त्याने काही रुग्ण मंदावतात, ताठरतात. स्वीडनमध्ये अरविद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे निपचित पडले. मग लेव्होडोपा टोचली आणि ते पुन्हा हिंडूफिरू लागले. ही १९५७ ची गोष्ट; पुढे २००० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. रेसर्पिनने त्या सशांचे न्यूरॉन मारले नव्हते, रिसेप्टरही जागच्या जागी होते. फक्त साठवलेलं डोपामाइन संपलं होतं. ते भरून दिलं आणि हालचाल परतली.

कंपवातातही साधारण हेच आहे. १९६० मध्ये ओलेह हॉर्निकिएविच यांनी मृत रुग्णांच्या मेंदूत स्ट्रायटममधलं डोपामाइन प्रचंड घटल्याचं दाखवलं. डोपामाइन पाठवणाऱ्या पेशी मेंदूच्या देठात, सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर पट्ट्यात असतात, त्या जातात. पण स्ट्रायटममधल्या ऐकणाऱ्या पेशी आणि त्यांचे रिसेप्टर बऱ्यापैकी शाबूत राहतात. म्हणून तर गोळी घेतल्यावर तासाभरात वडील मोकळे चालतात. नवी पेशी एका तासात उगवत नाही.

लेव्होडोपा 'संपून जाते' किंवा 'मेंदूला विष आहे' ही समजूत फार जुनी आहे. तिची थेट परीक्षा झालेली आहे. नेदरलँड्समध्ये सुरुवातीच्या टप्प्यातल्या ४४५ रुग्णांपैकी निम्म्यांना ताबडतोब आणि निम्म्यांना ४० आठवडे उशिरा लेव्होडोपा सुरू केली. ८० आठवड्यांनी दोन्ही गटांत फरक दिसला नाही. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे लवकर घेतल्याने आजार थांबला नाही, पण बळावलाही नाही. पुढे गोळीचा असर लवकर उतरतो किंवा अंग वेडंवाकडं हलू लागतं, त्याचं कारण गोळी 'जुनी' होणं हे नसून उरलेल्या पेशी कमी होत जाणं हे आहे. डोपामाइन साठवून बेताबेताने सोडणाऱ्या पेशी घटल्या की सेरोटोनिन या दुसऱ्या निरोप्या रसायनाच्या पेशी लेव्होडोपापासून डोपामाइन बनवू लागतात. आपण मघाशी पाहिला तो स्वतःला आवरणारा डी२ त्यांच्याकडे नसतो, त्यामुळे सोडण्यावर ताबा राहत नाही. तेव्हा डोस विभागून देणं, जेवणाची वेळ सांभाळणं, दुसरं औषध जोडणं असे उपाय असतात. वडिलांना उगाच अडखळत ठेवून भविष्यासाठी काही शिल्लक पडत नाही. आज न चालण्याने स्नायू जातात, तोल जातो, माणूस घरात बसतो, आणि हे नुकसान खरं असतं.

जेवणाचा उल्लेख आला म्हणून सांगतो: प्रथिनं पचून होणारी अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरायला एकच वाहक वापरतात. गोळीवर लगेच वाटीभर उसळ किंवा ग्लासभर दूध घेतलं तर गोळी मागे राहते. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घेऊन पाहा. मळमळ होत असेल तर सोबत एखादं साधं बिस्किट चालतं. प्रथिनं बंद करू नका.

प्रॅमिपेक्सोल वेगळ्या रीतीने काम करतं. त्याला डोपामाइन बनवणारी पेशी लागत नाही, ते थेट डी२ गटाच्या रिसेप्टरवर बसतं, आणि डी३ वर अधिक घट्ट बसतं. डी३ ची दाटी आहे ती स्ट्रायटमच्या खालच्या भागात, जिथे ओढ, बक्षीस, 'अजून एकदा' ही भावना सांभाळली जाते. हालचालीसाठी दिलेली गोळी तिथेही पोचते. त्यातून काही रुग्णांना जुगार, खरेदी, खाणं किंवा कामवासना यांचा आवर सुटतो. तीन हजारांवर रुग्णांच्या एका मोठ्या पाहणीत, २०१० मध्ये, या वर्गातली औषधं घेणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांत असं काही ना काही आढळलं. न घेणाऱ्यांत जवळपास ७ टक्के. माझ्या पाहण्यातले एक गृहस्थ, आयुष्यभर पैशापैशाचा हिशेब ठेवलेले, पहाटे दोन वाजता मोबाइलवर रमी खेळत बसायचे आणि पत्नीला वाटायचं की झोप येत नाही म्हणून फोन बघतायत. बँकेचं पासबुक भरून आणल्यावर उलगडा झाला. औषध हळूहळू उतरवलं, ओढ गेली. अचानक बंद मात्र कधीच करू नका. अस्वस्थता, घाम, उदासी असा त्रास होतो.

हे घरी आवर्जून विचारा, आणि आईंना एकटीला विचारा. रुग्ण आपणहून सांगत नाहीत.

तर प्रॅमिपेक्सोलने पेशी वाचतात किंवा वाढतात का? हाही प्रश्न चाचणीतून विचारला गेलाय. नव्या निदानाच्या ५३५ रुग्णांत काहींना ते लगेच, काहींना सहा ते नऊ महिने उशिरा दिलं. १५ महिन्यांनी दोन्ही गट सारखेच होते. २०१३ मधली ही चाचणी तुमच्या प्रश्नाचं सर्वात सरळ उत्तर आहे. लक्षणांसाठी ते उपयोगी औषध आहे, विशेषतः तरुण रुग्णांत. नव्या पेशींसाठी ते वाढवण्याला मात्र आधार नाही.

पण तुम्ही वाचलं ते कोणी हवेतून काढलेलं नव्हतं. तो भाग मला स्वतःला फार आवडतो, म्हणून त्यात थोडा रेंगाळतो.

प्रौढ मेंदूत नवे न्यूरॉन येत नाहीत असं दीर्घकाळ मानलं जायचं. १९६० च्या दशकात जोसेफ अल्टमन यांनी उंदरांत ते येतात असं दाखवलं. १९६५ च्या त्यांच्या गाजलेल्या शोधनिबंधात गोपाल दास सहलेखक होते. फारसं कोणी ऐकलं नाही. १९९८ मध्ये पीटर एरिक्सन आणि फ्रेड गेज यांच्या गटाला माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृतीशी जोडलेल्या भागात, नव्या पेशींच्या खुणा सापडल्या. २०१३ मध्ये स्वीडनच्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने एक विलक्षण युक्ती वापरली. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला होता आणि नंतर उतरत गेला. पेशीच्या डीएनएमध्ये तो किती आहे यावरून तिचा जन्म कधीचा ते काढता येतं. त्यांचा अंदाज निघाला की प्रौढ माणसाच्या दर बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये रोज सुमारे ७०० नवे न्यूरॉन येतात. मग २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका गटाने सांगितलं की बालपणानंतर त्यांना असे न्यूरॉन जवळपास दिसलेच नाहीत, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गटाने उलट निष्कर्ष दिला. २०१९ मध्ये माद्रिदच्या गटाला वृद्धांतही ते आढळले, अल्झायमरच्या रुग्णांत कमी. मेंदूचा नमुना मृत्यूनंतर किती तासांत आणि कसा जतन केला यावर उत्तर बरंच बदलतं. माझं मत विचाराल तर माणसात हिप्पोकॅम्पसमध्ये नवे न्यूरॉन येतात, पण उंदरापेक्षा फार सावकाश आणि माणसागणिक कमीजास्त.

यात डोपामाइन कुठे आलं? मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला मूळ पेशींचा एक पट्टा असतो. तिथल्या भराभर विभागणाऱ्या पेशींपर्यंत डोपामाइनचे तंतू पोचतात आणि त्या पेशींवर डी२ गटाचे रिसेप्टर असतात. २००४ मध्ये एका जर्मन-फ्रेंच गटाने दाखवलं की प्राण्यांत डोपामाइन घटवलं तर हे विभाजन मंदावतं आणि डी२ गटाला चालना दिल्यावर पूर्ववत होतं. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूतही त्यांना विभागणाऱ्या पेशी कमी दिसल्या. तुम्ही वाचलेल्या वाक्याचं मूळ बहुधा हेच. पुढे २०११ मध्ये दुसऱ्या गटाला माणसांत ही घट आढळली नाही. आणि समजा घट खरी धरली, तरी उंदरांत या पट्ट्यातल्या पेशी वासाच्या केंद्राकडे जातात. सबस्टॅन्शिया नायग्राकडे नाही.

हिप्पोकॅम्पसमध्ये तर डोपामाइन अनेकांपैकी एक. तिथे सेरोटोनिनचे रिसेप्टर, बीडीएनएफ या वाढ घडवणाऱ्या प्रथिनाचा टीआरकेबी रिसेप्टर, ग्लुटामेटचा एनएमडीए रिसेप्टर, सगळे कामाला असतात. गाबा हे प्रौढ पेशींना शांत करणारं रसायन कोवळ्या न्यूरॉनना उलट चेतवतं, आणि त्या चेतनेवर त्यांचं जगणं-वाढणं ठरतं. डी१ गटामुळे वाढलेला सायक्लिक एएमपी पुढे क्रेब नावाच्या प्रथिनाला जागं करतो आणि बीडीएनएफसारख्या जनुकांचं काम सुरू होतं; संदेश आणि वाढ यांचा सांधा आहे तो इथे. पण या साखळीतून निघालेला न्यूरॉन स्मृतीच्या जाळ्यात बसतो. त्याने पावलं मोकळी होत नाहीत.

सबस्टॅन्शिया नायग्रात नवे डोपामाइन न्यूरॉन येतात असे दावे उंदरांत झाले, पण इतरांना ते पुन्हा दाखवता आले नाहीत. २०२० मध्ये पीटीबीपी१ हे प्रथिन कमी केलं की आधार देणाऱ्या ॲस्ट्रोसाइट पेशी डोपामाइनच्या न्यूरॉनमध्ये बदलतात, अशी मोठी बातमी झाली. २०२१ मध्ये पेशींचा वंश काटेकोर तपासल्यावर दिसलं की ते न्यूरॉन आधीपासूनचेच होते, चुकून नवे समजले गेले. आणि मान्य केलं की एखादी नवी पेशी आलीच, तरी नायग्रातला एकेक जुना न्यूरॉन म्हणजे पारंब्या टाकत गावभर पसरलेला वड आहे: त्याचा एकच तंतू फुटत फुटत स्ट्रायटममध्ये लाखो ठिकाणी पोचतो. शेजारी रोप लावलं म्हणून ती सावली मिळत नाही.

म्हणूनच खऱ्या प्रयोगांत पेशी थेट शस्त्रक्रियेने स्ट्रायटममध्येच ठेवतात. जपानमध्ये क्योतो विद्यापीठात प्रौढ पेशींपासून बनवलेल्या डोपामाइनच्या पूर्वपेशी सात रुग्णांत अशा ठेवल्या. २०२५ मध्ये आलेल्या अहवालात गंभीर धोका दिसला नाही आणि पेशी डोपामाइन बनवताना आढळल्या. आशादायक आहे, पण सातच रुग्ण. तुम्हाला देऊ केलेलं 'पॅकेज' म्हणजे बहुधा अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून किंवा मणक्यातून देणं. त्याचा याच्याशी संबंध नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कंपवातासाठी स्टेम सेल केवळ मंजूर चाचणीतच देता येतात. चाचणीची नोंद सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, दिसायला हवी आणि रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. नोंदणी क्रमांक मागा. पैसे भरू नका.

कवचबीज, म्हणजे खाजकुयलीचं बी, यात खरोखरच लेव्होडोपा असते, साधारण ४ ते ६ टक्के. म्हणजे ते 'वेगळं नैसर्गिक' काही नाही, तेच औषध आहे, फक्त चमच्यात किती आलं ते कळत नाही. सोबत चालू असलेल्या गोळीतल्या कार्बिडोपामुळे त्या चूर्णातली लेव्होडोपाही जास्त प्रमाणात मेंदूत पोचते. परिणामी अंग वेडंवाकडं हलणं किंवा भास, आणि आम्हाला वाटतं गोळीचा डोस जास्त झाला. घ्यायचंच असेल तर वैद्य आणि न्यूरॉलॉजिस्ट दोघांनाही माहीत असू द्या.

याहून तातडीची एक गोष्ट. वडिलांच्या औषधांचा डबा उघडून प्रत्येक पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. ॲसिडिटीची म्हणून वर्षानुवर्षं घेतलेल्या कॅप्सूलवर 'रॅबेप्रॅझोल' किंवा 'पँटोप्रॅझोल' या नावाखाली पुष्कळदा 'लेव्होसल्पिराइड' लिहिलेलं असतं. ते डी२ रिसेप्टर अडवतं. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड, चक्करसाठीचं प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, अर्धशिशीसाठीचं फ्लुनारिझिन, हीही त्याच वाटेची. एका हाताने डोपामाइन द्यायचं आणि दुसऱ्या हाताने त्याची बसायची जागा बंद करायची, असं कित्येक घरांत चालू असतं. ज्यांना मुळात कंपवात नाही अशांनाही या औषधांनी हुबेहूब कंपवात होतो आणि थांबवल्यावर बहुतेकांचा काही महिन्यांत उतरतो. मळमळीसाठी आम्ही डॉम्पेरिडोन निवडतो, कारण ते मेंदूत फारसं शिरत नाही; हृदयाची तक्रार असेल तर मात्र आधी ईसीजी.

तुम्हाला वडिलांसाठी काहीतरी करायचंय हे प्रश्नातून कळतंय, तर ताकद व्यायामावर लावा. अमेरिकेत १२८ रुग्णांच्या एका चाचणीत, २०१८ मध्ये, ज्यांनी ट्रेडमिलवर हृदयाची गती कमाल मर्यादेच्या ८० ते ८५ टक्क्यांवर नेऊन व्यायाम केला, त्यांची हालचालीची गुणसंख्या सहा महिन्यांत ०.३ ने बिघडली. नेहमीप्रमाणे राहिलेल्यांची ३.२ ने. हे रुग्ण अजून औषध सुरू न झालेले होते आणि यातून नव्या पेशी आल्या असं सिद्ध होत नाही. तरीही मी हे प्रत्येकाला सांगतो. आधी हृदय तपासून घ्या. मग आठवड्यातून तीन-चार वेळा, गोळीचा असर असतानाच्या वेळेत, बोलताना धाप लागेल इतपत वेगाने चालणं किंवा घरातली स्थिर सायकल. तोल जात असेल तर सायकलच बरी.

पुढच्या भेटीआधी तीन दिवस एका कागदावर तासातासाने लिहा: गोळी कधी, जेवण कधी, मोकळे किती वेळ, जखडलेले किती वेळ, नको असलेली हालचाल कधी. सोबत औषधांच्या सगळ्या पट्ट्या न्या, ॲसिडिटीच्यासुद्धा. प्रॅमिपेक्सोल वाढवायचं, तेवढंच ठेवायचं की कमी करायचं हे तुमच्या डॉक्टरांना त्या कागदावरून आणि आईंच्या उत्तरावरून ठरवता येईल.